जेसीज शाखेचा इतिहास कसा लिहावा : नागपुरातील सदस्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

जेसीजमध्ये, म्हणजे ज्युनियर चेंबर या तरुणांच्या जागतिक संघटनेच्या शाखेत, अध्यक्ष दर जानेवारीत बदलतो आणि वयाची चाळीस वर्षे पूर्ण झाली की नियमित सदस्यत्व संपते. तरुणांना नेतृत्वाची संधी मिळावी म्हणून ही व्यवस्था मुद्दाम केलेली आहे आणि ती योग्यच आहे. मात्र तिचा एक परिणाम असा होतो की शाखेची स्मृती दरवर्षी थोडीथोडी गळत जाते. मावळत्या अध्यक्षाकडची फाइल नव्या अध्यक्षाकडे जायला हवी. प्रत्यक्षात ती घर बदलताना, दुकानाचे नूतनीकरण करताना किंवा दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जाते. पुढे रौप्य किंवा सुवर्णमहोत्सव जवळ आला की स्मरणिका समिती नेमली जाते, माजी अध्यक्षांची छायाचित्रे, शुभेच्छा आणि जाहिराती गोळा होतात आणि इतिहास म्हणून दोन पाने छापली जातात. त्या दोन पानांवरून या तरुण डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल, अभियंते आणि व्यापाऱ्यांनी शहरात नेमके काय केले, हे वाचकाला कळत नाही.

ते कळावे असा इतिहास लिहायचा असेल तर हाताशी किमान एक वर्ष ठेवावे आणि समिती तीन-चार जणांचीच असावी. तिच्यात एक सध्याचा सदस्य, एक चाळिशी ओलांडलेला माजी सदस्य आणि कागदांची खरोखर आवड असलेली एक व्यक्ती असावी. अध्यक्षाला या समितीत घेऊ नये, कारण त्याचे वर्ष त्याच्या कार्यक्रमांतच संपते आणि पुढच्या जानेवारीत काम पुन्हा पहिल्या पायरीवर येते.

मूळ चळवळीचा इतिहास एका पानात आटोपावा

बहुतेक स्मरणिकांची सुरुवात जागतिक संघटनेपासून होते आणि तिथेच त्यांची निम्मी जागा खर्च होते. वाचकाला पार्श्वभूमी म्हणून पुढचा तपशील पुरेसा आहे. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात हेन्री गिसेनबियर या तरुण बँक कर्मचाऱ्याने १३ ऑक्टोबर १९१५ रोजी ३२ तरुणांना एकत्र आणून नागरी प्रश्नांवर काम करणारी संघटना सुरू केली. त्यापूर्वी १९१० मध्ये त्याने एक नृत्य मंडळ काढले होते आणि या संघटनेची मुळे त्या मंडळात होती. ११ डिसेंबर १९४४ रोजी मेक्सिको सिटीत ज्युनियर चेंबर इंटरनॅशनलची स्थापना झाली. प्रत्येक सभेच्या आरंभी म्हटली जाणारी जेसी श्रद्धा, म्हणजे संघटनेची प्रतिज्ञा, सी. विल्यम ब्राउनफिल्ड यांनी १९४६ मध्ये लिहिली. भारतात ही चळवळ १९४९ मध्ये सुरू झाली.

महिलांच्या सदस्यत्वाचा प्रश्न मात्र या पानावर असलाच पाहिजे. अमेरिकेतील मिनियापोलिस आणि सेंट पॉल येथील शाखांनी सत्तरच्या दशकात महिलांना पूर्ण सदस्यत्व दिले, तेव्हा राष्ट्रीय संघटनेने त्यांच्यावर कारवाईचा पवित्रा घेतला. वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८४ मध्ये निकाल महिलांच्या बाजूने लागला. आपल्याकडे महिला दीर्घकाळ 'जेसीरेट' या वेगळ्या विभागात काम करत होत्या. आपल्या शाखेत पहिली पूर्ण सदस्य महिला कोण, पहिली महिला अध्यक्ष कोणत्या वर्षी झाली आणि त्या वेळी सभेत काय चर्चा झाली, याचा शोध पुढे घ्यायचा आहे. म्हणून ही पार्श्वभूमी सुरुवातीलाच मांडून ठेवावी.

स्थापनेची तारीख एकच नसते, हे आधी मान्य करावे

शाखेची 'स्थापना' कधी झाली, या प्रश्नाला सहसा तीन उत्तरे मिळतात. कोणाच्या तरी दिवाणखान्यात किंवा सीताबर्डीवरच्या उपाहारगृहात पहिली बैठक झाली ती एक तारीख. राष्ट्रीय संघटनेकडून संलग्नता मिळून सनद प्रदान झाली ती दुसरी. आणि संस्था म्हणून कायदेशीर नोंदणी झाली ती तिसरी. या तारखांमध्ये काही महिन्यांचे, कधी काही वर्षांचेही अंतर असू शकते. एखादी शाखा मधल्या काळात बंद पडून नव्या सनदेने पुन्हा सुरू झाली असेल, तर चौथी तारीखही निघते. वर्धापनदिन कोणताही साजरा करावा, पण इतिहासात सगळ्या तारखा पुराव्यासह स्वतंत्र द्याव्यात. शाखा बंद पडलेली वर्षेही लिहावीत. ती झाकून अखंड परंपरेचा आभास निर्माण केला की जाणत्या वाचकाचा उरलेल्या मजकुरावरचाही विश्वास उडतो.

मुलाखतींच्या आधी वर्षपट तयार करावा

उत्साही समिती पहिल्याच आठवड्यात ज्येष्ठ माजी अध्यक्षांकडे ध्वनिमुद्रक घेऊन जाते. माझ्या मते हा क्रम चुकीचा आहे. हाताशी सांगाडा नसेल तर समोरची व्यक्ती जे सांगेल ते जसेच्या तसे उतरवून घ्यावे लागते आणि योग्य ठिकाणी योग्य प्रश्न सुचत नाही.

म्हणून प्रथम वर्षपट करावा. संगणकावर एक साधा तक्ता घ्यावा आणि शाखेच्या प्रत्येक वर्षाला एक ओळ द्यावी. स्तंभ असे असावेत : वर्ष, अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष, जेसीरेट प्रमुख, सदस्यसंख्या, पदग्रहणाची तारीख व स्थळ, प्रमुख प्रकल्प, झोन (अनेक शाखांचा मिळून प्रादेशिक विभाग) किंवा राष्ट्रीय पातळीवरील पुरस्कार आणि शेवटी, सर्वांत महत्त्वाचा, पुरावा. ज्या नोंदीला कागदाचा आधार आहे तिच्यापुढे कागदाचा क्रमांक लिहावा, जी नोंद केवळ कोणाच्या सांगण्यावरून केली आहे तिच्यापुढे सांगणाऱ्याचे नाव लिहावे आणि जिथे काहीच मिळाले नाही तो चौकोन रिकामा ठेवावा. रिकामे चौकोन पाहून घाबरून अंदाजाने भरू नयेत. शोध कुठे घ्यायचा ते त्यांच्यावरूनच कळते.

इथे एक तांत्रिक घोटाळा हमखास होतो. जेसीजचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असते, तर हिशेबाचे वर्ष बहुधा एप्रिल ते मार्च. त्यामुळे '१९८५-८६' असे लिहिलेल्या ताळेबंदात एप्रिल ते डिसेंबरचा खर्च एका अध्यक्षाच्या काळातला आणि जानेवारी ते मार्चचा दुसऱ्याच्या काळातला असतो. लेखापरीक्षण अहवालावरून एखादे शिबिर कोणत्या अध्यक्षाच्या नावावर टाकायचे, हे ठरवताना व्हाउचरची तारीख पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कागद कुठे असतात आणि ते कसे हाताळावेत

शाखेला स्वतःचे कार्यालय क्वचितच असते, म्हणून कागद घरोघरी विखुरलेले असतात. अध्यक्षांपेक्षा सचिव आणि कोषाध्यक्ष यांच्याकडे आधी जावे. अध्यक्षांकडे मानचिन्हे आणि हारतुऱ्यांची छायाचित्रे मिळतात. सचिवांकडे इतिवृत्ताची वही, हजेरीपट, झोनशी झालेला पत्रव्यवहार आणि पुरस्कारांसाठी तयार केलेले प्रकल्प अहवाल सापडतात. हे अहवाल फार मोलाचे असतात, कारण स्पर्धेत गुण मिळवण्यासाठी त्यांत उद्दिष्ट, खर्च, लाभार्थी, वृत्तपत्रांची कात्रणे आणि आभारपत्रे असे सगळे एकत्र जोडलेले असे. त्याच कारणाने त्यांतील आकडे थोडे फुगवलेलेही असू शकतात, म्हणून लाभार्थींची संख्या इतर पुराव्याशी ताडूनच घ्यावी.

याशिवाय मासिक बुलेटिन, पदग्रहणाच्या निमंत्रणपत्रिका, सदस्यांची दूरध्वनी पुस्तिका, देणगीच्या पावत्यांची स्थळप्रत, जेसी सप्ताहाची, म्हणजे शाखेच्या वार्षिक कार्यक्रमांच्या आठवड्याची, पत्रके आणि ज्या मुद्रकाकडे छपाई होत असे त्याच्याकडचे जुने नमुने यांचीही चौकशी करावी. एखाद्या दिवंगत सदस्याच्या घरी जायचे असेल तर आधी फोन करून, शक्य झाल्यास त्या कुटुंबाच्या परिचयातील ज्येष्ठ सदस्याला सोबत घेऊन जावे. कागद घेताना दोन प्रतींत यादी करावी, एक प्रत त्यांच्याकडे ठेवावी आणि परत देण्याची तारीख लिहून द्यावी. दिलेल्या तारखेला कागद परत गेले की पुढची तीन घरे आपोआप उघडतात.

नागपूरचे हवामान कागदाला मानवत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि कागद ठिसूळ होतो. त्याच दिवसांत खोलीत डेझर्ट कूलर चालू असतो, म्हणजे ओलसर हवा थेट कपाटावर येते आणि अल्बमच्या पानांना बुरशी धरते. पावसाळ्यात वाळवी लागते. त्यातच २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीला पूर आला, तेव्हा अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांतील तळमजल्यांवर पाणी शिरले. या परिसरात राहणाऱ्या जुन्या सदस्यांकडे काय वाचले, याची चौकशी आधी करावी, कारण भिजून वाळलेला कागद दर महिन्याला आणखी खराब होत जातो.

भिजलेली किंवा चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत आणि उन्हातही ठेवू नयेत. पंख्याच्या मंद वाऱ्यात, पानांमध्ये कोरा शोषक कागद घालून वाळवावीत. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल अलगद काढावेत. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये आणि काहीही लॅमिनेट करू नये, कारण ते पुन्हा उलटवता येत नाही. छायाचित्राच्या मागे पेनाने न लिहिता मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. स्कॅन करताना मजकुराला ३०० डीपीआय आणि छायाचित्राला ६०० डीपीआय पुरे होते. छायाचित्राची मागची बाजूही स्कॅन करावी, कारण स्टुडिओचा शिक्का आणि कोणीतरी खरडलेली नावे तिथेच असतात. फाइलचे नाव वर्ष, महिना, दिवस, प्रसंग, स्थळ या क्रमाने द्यावे, म्हणजे संगणकावर सगळे आपोआप कालानुक्रमे लागते. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती असाव्यात आणि त्यांतली एक वेगळ्या घरात असावी.

तारीख नसलेल्या कागदाचा काळ कसा ठरवावा

हा या कामातील सर्वांत रंजक भाग आहे आणि त्यावर वेळ खर्च करणे सार्थकी लागते. निमंत्रणपत्रिकेवर बहुधा वार आणि दिनांक असतो, पण वर्ष नसते, कारण छापणाऱ्याला त्याची गरज वाटत नसे. समजा, पदग्रहणाच्या एका पत्रिकेवर 'रविवार, दि. ११ जानेवारी' एवढेच आहे. १९७० पासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ११ जानेवारीला रविवार १९७०, १९७६, १९८१, १९८७ आणि १९९८ या पाचच वर्षी आला. पत्रिकेवरील पत्त्यात पिनकोड असेल तर १९७० गळते, कारण पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. मोबाइल क्रमांक नसेल आणि छपाई खिळ्यांची (धातूची अक्षरे जुळवून केलेली) असेल तर १९९८ ची शक्यता कमी होते. उरलेल्या तीन वर्षांतून निवड करण्यासाठी प्रमुख पाहुण्यांचे पद पाहावे. पाहुणे महापौर असतील तर काम सोपे होते, कारण नागपूरचे महापौर पूर्वी दरवर्षी बदलत आणि महानगरपालिकेत माजी महापौरांची यादी असते. जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त, कुलगुरू यांच्याही नेमणुकीच्या तारखा अशाच ताडून पाहता येतात.

स्थळांची आणि संस्थांची नावेही मदतीला येतात. पत्त्यात नागपूर 'मध्यप्रदेशा'त दाखवले असेल तर कागद १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीचा. 'मुंबई राज्य' असेल तर त्यानंतरचा, पण १ मे १९६० पूर्वीचा. 'व्हीआरसीई' या अभियांत्रिकी महाविद्यालयात कार्यक्रम झाला असेल तर तो १९६० ते २००२ या काळातील. त्यानंतर त्या संस्थेचे नाव व्हीएनआयटी झाले. नागपूर विद्यापीठाच्या नावाआधी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव २००५ मध्ये आले. बोधचिन्हावर 'जेसीज' हे जुने नाव आहे की 'जेसीआय' (ज्युनियर चेंबर इंटरनॅशनल) हे नंतरचे, हेही पाहावे. मात्र जुनी लेटरहेड संपेपर्यंत वापरली जातात, म्हणून केवळ एका खुणेवर विसंबू नये. दोन स्वतंत्र खुणा जुळल्या तरच वर्षपटात वर्ष पक्के करावे, नाहीतर 'सुमारे' लिहावे.

धर्मादाय कार्यालयातील नोंदी

शाखा किंवा तिने काढलेला न्यास नोंदणीकृत असेल तर नागपूरच्या धर्मादाय सह आयुक्त कार्यालयात तिची फाइल असते. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालील क्रमांक आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालील क्रमांक असे दोन वेगळे क्रमांक असतात; सोसायटी म्हणूनही नोंदलेल्या न्यासाचा क्रमांक 'एफ' अक्षराने सुरू होतो. ते जुन्या पावत्यांवर किंवा ताळेबंदाच्या शीर्षकात सापडतात. क्रमांक हाती आला की परिशिष्ट एकचा उतारा, म्हणजे ज्याला सगळे 'शेड्यूल वन' म्हणतात तो, मूळ घटनापत्रक आणि बदल अर्ज (विश्वस्तांतील बदल कळवणारे अर्ज) यांच्या नकलांसाठी अर्ज करावा. मूळ घटनापत्रकावर संस्थापक सदस्यांची नावे, वय, व्यवसाय, पत्ता आणि स्वाक्षरी असते. पहिल्या फळीतील लोक कोण होते, कोणत्या वस्तीत राहत होते आणि काय व्यवसाय करत होते, याचा इतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

बदल अर्जांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये. १९५० च्या त्या अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांतील बदल ९० दिवसांत कळवायचा असतो, पण दरवर्षी कार्यकारिणी बदलणाऱ्या संस्थांकडून तो अनेकदा उशिरा कळवला जातो, आणि कार्यालयाच्या नोंदीत एखादे जुने नाव प्रत्यक्षापेक्षा कितीतरी वर्षे अधिक टिकून राहते. नोंदवही आणि इतिवृत्त यांत फरक दिसला तर अध्यक्ष कोण होते यासाठी इतिवृत्त ग्राह्य धरावे.

नक्कल मिळण्यात अडचण आली, किंवा शाखेने बांधलेल्या एखाद्या सार्वजनिक सुविधेची कागदपत्रे महानगरपालिकेकडून हवी असली, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून दोन वेगळ्या विषयांचे दोन वेगळे अर्ज करावेत.

वृत्तपत्रे

नागपूरचे वाचन तीन भाषांत चालते आणि जेसीजचे सदस्यही मराठी, हिंदी, मारवाडी, गुजराती, सिंधी अशा सर्व घरांतून आलेले असतात. सभेचे कामकाज इंग्रजीत चालत असल्याने शाखेच्या बातम्या पूर्वी इंग्रजी पत्रांत अधिक सविस्तर येत. म्हणून केवळ मराठी दैनिके चाळून थांबू नये. १९११ पासून चालत आलेला 'हितवाद', पुढे बंद पडलेले 'नागपूर टाइम्स', हिंदी 'नवभारत', तसेच 'तरुण भारत' आणि डिसेंबर १९७१ पासून नागपुरातून दैनिक म्हणून निघणारा 'लोकमत' हे सर्व पाहायला हवेत.

सगळी वर्षे चाळणे अशक्य आहे आणि आवश्यकही नाही. जानेवारीचे पहिले तीन आठवडे पदग्रहणासाठी, सप्टेंबर जेसी सप्ताहासाठी, आणि वर्षपटात ज्या मोठ्या प्रकल्पाची तारीख ठरली आहे त्याच्या आधीचे व नंतरचे दोन-तीन दिवस, एवढे पाहिले तरी बरेच हाती लागते. शासकीय विभागीय ग्रंथालय, विदर्भ साहित्य संघाचे ग्रंथालय आणि विद्यापीठाचे ग्रंथालय येथे आधी चौकशी करावी. वृत्तपत्रांच्या स्वतःच्या संग्रहासाठी शाखेच्या लेटरहेडवर संपादकांना पत्र द्यावे आणि नेमक्या तारखा कळवाव्यात. 'जुने अंक पाहायचे आहेत' असे मोघम पत्र दिले तर कोणाचाच वेळ वाचत नाही. कात्रणाचे छायाचित्र घेताना पानाचा वरचा भाग, म्हणजे अंकाचे नाव, तारीख आणि पृष्ठक्रमांक, वेगळ्या छायाचित्रात जरूर टिपावा.

मुलाखती

आता मुलाखतींना सुरुवात करावी. वयाने सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीपासून आरंभ करावा, मग ती कधी अध्यक्ष झालेली नसली तरी चालेल. त्यांच्याच वर्षीच्या दोन-तीन कागदांच्या प्रती आणि छायाचित्रे सोबत न्यावीत आणि प्रश्नाऐवजी छायाचित्र समोर ठेवावे. 'तुमच्या कारकिर्दीविषयी सांगा' असे म्हटले की भाषण ऐकायला मिळते. 'भाऊ, या फोटोत मंडपाच्या खांबाजवळ उभे आहेत ते कोण?' असे विचारले की खरी आठवण सुरू होते. त्या शिबिराला टेबल-खुर्च्या कोणाकडून आणल्या, आजूबाजूच्या गावांतून रुग्ण कसे आले, रात्री त्यांच्याजवळ कोण थांबले, जेवण कोणाच्या घरून आले, देणगीच्या पावत्या कोणी फाडल्या आणि पैसे कमी पडले तेव्हा ते कोणी घातले, असे हाताला धरता येतील असे प्रश्न विचारावेत. एखाद्या नेत्रशिबिराचा असा बारकावा मिळाला की तो संपूर्ण दशकाच्या कार्यक्रमांच्या यादीपेक्षा अधिक सांगून जातो.

वर्षे आठवत नाहीत, हे स्वाभाविक आहे. त्यासाठी शहराच्या ठळक घटनांचा आधार द्यावा. नागपूरकराला ३१ ऑक्टोबर १९८७ हा दिनांक सांगून काही आठवणार नाही, पण 'सदर भागातल्या क्रिकेट मैदानावर चेतन शर्माची हॅटट्रिक झाली त्याच्या आधी की नंतर?' असे विचारले की उत्तर लगेच येते. २३ नोव्हेंबर १९९४ ची गोवारी चेंगराचेंगरी, ज्यात ११४ जणांचा बळी गेला, तीही शहराच्या आठवणीत खोलवर रुतलेली आहे. आणीबाणी, घरात पहिला दूरध्वनी आला ते वर्ष, पहिल्या अपत्याचा जन्म, कोरोनाची टाळेबंदी असे वैयक्तिक आणि सार्वजनिक टप्पे एकत्र वापरावेत.

पती अध्यक्ष आणि पत्नी जेसीरेट असलेल्या घरात दोघांची मुलाखत वेगवेगळ्या वेळी घ्यावी. एकत्र बसले की बहुतेक वेळा एकच बोलतो आणि दुसरी व्यक्ती चहा-पोह्यांच्या तयारीत गुंतते. 'काकू, जेसीरेटच्या सभा कुठे भरायच्या? त्यांचे इतिवृत्त तुम्ही वेगळे ठेवत होता का?' असे थेट विचारावे. अनेक प्रकल्पांतील घरोघरी फिरण्याचे आणि मुलांच्या स्पर्धा घेण्याचे काम या विभागाने केलेले असते, आणि अध्यक्षांच्या अहवालात त्याची एका ओळीत बोळवण झालेली असते. हा भाग नीट मिळवला नाही तर इतिहास अर्धाच राहील.

मुलाखत घेताना ध्वनिमुद्रणाची आणि छापण्याची लेखी संमती घ्यावी. व्यक्ती हिंदीत बोलत असेल तर हिंदीतच बोलू द्यावे. भाषांतर नंतर करता येते. दीड तासापेक्षा अधिक बसू नये. त्याच रात्री वर्षपटात नव्या नोंदी कराव्यात, आणि एकाच घटनेबद्दल दोन जणांनी वेगळे सांगितले असेल तर दोन्ही लिहून ठेवावे.

शहरात जाऊन पाहणे

बसथांबा, बाक, पाणपोई, वृक्षारोपण, चौकातील फलक, शाळेतील खोली असे जे जे शाखेने उभारले असल्याचा उल्लेख सापडतो, त्या प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष जावे. दगडावर कोरलेली तारीख, नाव आणि देणगीदार यांचे छायाचित्र घ्यावे. वस्तू जागेवर नसेल तर ती कधी आणि का गेली, हे शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारावे. रस्ता रुंदीकरण, उड्डाणपूल आणि मेट्रोच्या कामांत शहरातील असे कितीतरी फलक आणि थांबे हलले आहेत. उद्यानातील एखादी सुविधा असेल तर ते उद्यान महानगरपालिकेचे आहे की १९३६ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर सुधार प्रन्यासाचे, हे आधी ठरवावे, कारण परवानगीची फाइल त्यानुसार वेगळ्या कार्यालयात असते. आज अस्तित्वात नसलेल्या वस्तूंची नोंदही इतिहासात घ्यावी आणि ती किती वर्षे वापरात होती ते लिहावे.

शाखेच्या वक्तृत्व प्रशिक्षणातून गेलेल्या लोकांचा मागही इथेच घ्यावा. जेसीजने शहराला दिलेली सर्वांत टिकाऊ गोष्ट बसथांब्यांपेक्षा ही आहे, असे मला मनापासून वाटते : सभेत उभे राहून तीन मिनिटांत मुद्दा मांडता येणारी, ठराव लिहिता येणारी, अंदाजपत्रक करता येणारी माणसे. ती पुढे व्यापारी संघटना, रुग्णालये, शाळा समित्या, गृहनिर्माण संस्था येथे गेली. अशा पाच-सहा जणांचा प्रवास त्यांच्या संमतीने सविस्तर लिहावा.

लेखन

प्रत्येक अध्यक्षाला एक पान देण्याचा मोह टाळावा. त्या पद्धतीने कोणी दुखावत नाही, पण पुस्तक वाचलेही जात नाही. अध्यक्षांची यादी परिशिष्टात द्यावी आणि मुख्य मजकूर कामांभोवती रचावा : आरोग्य, शिक्षण, प्रशिक्षण, शहरातील सुविधा, महिलांचा सहभाग, शाखेतील मतभेद आणि पडझडीची वर्षे. एखाद्या वर्षी फार काही झाले नसेल तर त्याचा निर्देश एका वाक्यात करून पुढे जावे.

मतभेद लिहावेत. नवी शाखा फुटून निघाली असेल, निवडणुकीत कटुता आली असेल, हिशेबावरून वाद झाला असेल, तर इतिवृत्तात जे नोंदले आहे तेवढे संयत भाषेत द्यावे, दोन्ही बाजूंचे म्हणणे द्यावे आणि हयात व्यक्तीवर पुराव्याविना काहीही लिहू नये. पैशाचाही उल्लेख असावा : वर्गणी किती होती, मोठ्या प्रकल्पाला किती खर्च आला, तो कोणी दिला. जुन्या रकमा त्या काळच्या आकड्यांतच द्याव्यात. 'हजारो लोकांना लाभ झाला' यासारखे वाक्य, त्यामागे नोंदवही नसेल तर, खोडावे.

मसुदा झाल्यावर तो किमान तीन वेगवेगळ्या दशकांतील सदस्यांना वाचायला द्यावा आणि दुरुस्त्या लेखीच मागवाव्यात. वृत्तपत्रातील छायाचित्र छापायचे असेल तर त्या पत्राची परवानगी घ्यावी. जुन्या पुस्तिकेतील घरचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक छापू नयेत. जाहिराती घ्याव्या लागल्या तर त्या शेवटी एकत्र द्याव्यात.

पुढच्या जानेवारीसाठी

पुस्तक निघाले की मूळ कागद पुन्हा पाच घरांत जाऊ देऊ नयेत. देणाऱ्यांची संमती घेऊन ते शहरातील एखाद्या ग्रंथालयाला करारपत्राने सोपवावेत आणि स्कॅन केलेल्या संग्रहाची प्रत शाखेकडे ठेवावी. त्याचबरोबर कार्यकारिणीच्या सभेत एक ठराव मंजूर करून घ्यावा : दर ३१ डिसेंबरपूर्वी मावळत्या सचिवाने त्या वर्षीचे इतिवृत्त, सदस्यांची यादी, ताळेबंद, प्रत्येक प्रकल्पाचा एक पानी अहवाल आणि नावांसह दहा निवडक छायाचित्रे एका फोल्डरमध्ये द्यावीत, वर्षपटात स्वतः एक ओळ भरावी, आणि पदग्रहण समारंभात अध्यक्षपदाचे पदक आणि सभेच्या हातोड्याबरोबर हा फोल्डरही नव्या अध्यक्षाच्या हाती द्यावा. व्हॉट्सॲप गटातील छायाचित्रांवर विसंबू नये. फोन बदलला की ती जातात आणि त्यांवर नावे नसतात. ठरावाची प्रत बदल अर्जाच्या फाइलला लावून ठेवावी, म्हणजे ९० दिवसांच्या त्या कामाची आठवणही नव्या सचिवाला त्याच दिवशी होईल.